हात लावता येईल असा मेंदू: शिबिराच्या टेबलाच्या प्रकल्प नोंदी

२ मार्च

एप्रिलमधल्या उन्हाळी विज्ञान शिबिरात एक टेबल आमच्या वाट्याला आलंय. विषय मेंदू.

शाळेच्या कपाटात प्लॅस्टिकचा मेंदू आहे. भाग सुटे होतात, प्रत्येकावर आकडा, टेबलावर आपटला तर टणटण वाजतो. तो मांडायचा नाही, हे आधीच ठरवून टाकलं. मुलं बारावीपर्यंत मेंदू म्हणून जे बघतात ते छापील चित्र, नाहीतर हे प्लॅस्टिक, फार तर बरणीतला फॉर्मॅलिनमधला. हे सगळे आपापला आकार धरून बसलेले. खरा ताजा मेंदू टेबलावर ठेवला तर स्वतःच्या वजनानं पसरतो. तेवढं बोटांना कळलं तरी हेल्मेटवरचं भाषण करायची गरज उरणार नाही.

लक्ष्य: वजन १३०० ग्रॅमच्या आसपास (मोठ्या माणसाचा साधारण १३०० ते १४०० भरतो), तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी, आणि सोलापूरच्या एप्रिलमध्ये दिवसभर टिकला पाहिजे. तिसरी अट सर्वांत अवघड.

५ मार्च

सकाळी मटणाच्या दुकानात. बोकडाचे दोन भेजे पाहिजेत, आणि सत्तूर आत जाऊ देऊ नका, असं सांगितलं तर खाटीकभाऊ हसले. "मॅडम, फ्राय करायचाय का पोरांना दाखवायचाय?" दाखवायचाय म्हटल्यावर हात सावकाश चालला, आणि दोन्ही अख्खे निघाले.

घरी स्टीलच्या ताटात घेऊन बसले. रंग पुस्तकातला करडा नाही, फिकट गुलाबी, त्यावर लाल वाहिन्यांचं जाळं. वरून एक पातळ ओला पापुद्रा. हा पापुद्रा आहे तोवर वळ्या जागेवर राहतात. चिमट्यानं एका बाजूचा सोलला, तर तेवढा भाग लगेच सैल होऊन ताटाला टेकला. दुसरी बाजू तशीच उभी. बोटानं दाबलं की खड्डा पडतो, हळूहळू थोडा भरून येतो, पूर्ण नाही. बोट उचलताना किंचित चिकटतं. सुरी ओढली तर सुरीबरोबर तोही ओढला जातो, काप सरळ येत नाही. आतला पांढरा भाग बाहेरच्या करड्यापेक्षा जरा चिवट लागतो. तिथं तंतू आहेत आणि तंतूंभोवती मायेलिन नावाचं स्निग्ध आवरण. मेंदूतलं पाणी काढून टाकलं तर उरलेल्यात निम्म्याहून जास्त भाग स्निग्ध पदार्थांचाच असतो.

माझ्या हाताला सर्वांत जवळचा वाटला तो खरवस. पहिल्या दिवसाच्या चिकाचा, वड्या पडणारा नव्हे. तिसऱ्या दिवसाच्या चिकाचा, जो चमच्यानंच खावा लागतो तसा.

शेजारच्या काकू डोकावल्या. "असा कच्चा कापतेस होय? आधी हळद-मिठाच्या पाण्यात उकळून घे, मग फोडी पडतील." दुसरा भेजा त्या घेऊन गेल्या.

९ मार्च

शरीररचना शिकवून निवृत्त झालेल्या प्राध्यापक बाईंकडे गेले. काकूंचं वाक्य सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आम्हीही तेच करतो, फक्त हळद नाही." ताजा मेंदू कापून शिकवताच येत नाही. फॉर्मॅलिन त्यातली प्रथिनं एकमेकांना बांधून टाकतं, मग तो घट्ट आणि रबरी होतो आणि सरळ काप निघतात. त्याला किमान दोन आठवडे लागतात.

आणि बादलीत नुसता सोडायचा नाही. तळाशी टेकला तर खालून चपटा होतो आणि तसाच कडक होऊन बसतो. म्हणून मेंदूच्या बुडाशी जी बॅसिलर धमनी असते तिच्याखालून दोरा ओवून तो उलटा, फॉर्मॅलिनमध्ये अधांतरी टांगतात. एवढ्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बरणीतले मेंदू इतके गोल आणि नीट का दिसतात, तर ते टांगून वाळवलेले असतात. वाळवलेले हा शब्द बाईंना आवडणार नाही, पण असो.

१२ मार्च

साचा. पूर्व भागातल्या मूर्तिकार मामांकडे. गणपतीचं काम अजून सुरू व्हायचंय, त्यामुळे हात मोकळा. प्लॅस्टिकचा मेंदू हातात फिरवत म्हणाले, "ताई, ह्याच्या चिरा खोट्या आहेत. वरवर ओरखडे काढलेत."

बरोबर ओळखलं. खऱ्या मेंदूचा वरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, दोन ते चार मिलिमीटर जाड, आणि त्याचा जवळपास दोन तृतीयांश भाग खाचांच्या आत दडलेला असतो. वरून दिसतो तो उरलेला. मामांनी शाडूचा थर देऊन चिरा खोल करून घेतल्या. काही ठिकाणी कोरणी बोटभर आत गेली. मग प्रश्न असा की इतक्या खोल चिरेतून नरम जेल फाटल्याशिवाय सुटणार कसं. त्यांचं उत्तर तयार होतं: रबराचा साचा, बाहेरून पीओपीचं कवच. आधी कवच काढायचं, मग रबर हळूहळू सोलायचं. सोंडेला तेच करतात.

साच्यात पाणी भरून मोजलं: १२५० मिली.

चिरांबद्दल एक. हार्वर्डचे एल. महादेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये गर्भाच्या गुळगुळीत मेंदूच्या आकाराचं जेल बनवलं, बाहेरचा थर द्रावणात फुगेल असा ठेवला, आणि ते द्रावणात बुडवलं. आतला भाग तेवढाच, बाहेरचा वाढतोय, जागा नाही, म्हणून पृष्ठभागाला आपोआप वळ्या पडल्या आणि त्या खऱ्या मेंदूच्या वळ्यांसारख्या दिसल्या. करून बघायचा मोह झाला. आमच्या बजेटात बसत नाही.

१७ मार्च

जेलचे नमुने. वाट्यांमध्ये: जिलेटिन कमी-जास्त, आगर कमी-जास्त, दोन्ही मिसळून. आगर म्हणजे आपला चायना ग्रास. किराणा दुकानातल्या पट्ट्या प्रत्येक पुड्याला वेगळ्या निघतात, म्हणून प्रयोगशाळेच्या दुकानातून पावडर आणली.

मेंदूची नक्कल करायला संशोधक आगरोजचं ०.६ टक्क्याचं जेल वापरतात, म्हणजे १०० मिलीला ०.६ ग्रॅम. आगरोज हा आगरमधलाच शुद्ध केलेला भाग. आपण साधं आगर घेऊन तिथूनच सुरुवात केली. कडकपणाचा अंदाज यावा म्हणून: मेंदू एक किलोपास्कलच्या घरात, स्नायू त्याच्या दहापट, आणि कवटीचं हाड गिगापास्कलमध्ये, म्हणजे दहा लाख पटींहून जास्त. इतका मऊ पदार्थ, इतक्या कडक डब्यात.

सगळ्या वाट्या गच्चीच्या जिन्यात, सावलीत ठेवल्या. दुपारी तीनला पारा ३८ वर. जिलेटिनच्या वाट्यांमध्ये सरबत. अपेक्षितच होतं, ते तिशीच्या आसपासच वितळायला लागतं. आगर मात्र ठाम: एकदा बसलं की ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. पण आगर दाबलं की खड्डा न पडता तडा जातो, आणि पाणी सुटतं. खरा मेंदू तडकत नाही, तो ओढला जातो.

मिश्रणाची वाटी बरी. गरम झाल्यावर त्यातलं जिलेटिन वितळतं, पण आगरचं जाळं त्याला धरून ठेवतं. हाताला बुळबुळीत, थोडं चिकट. ताटातल्या भेज्याच्या सर्वांत जवळ हेच.

२० मार्च

मिश्रणाला एक पापुद्रा पाहिजे. ५ मार्चची नोंद परत वाचली. सोडियम अल्जिनेटचं पातळ द्रावण ब्रशनं लावून वर कॅल्शियम क्लोराइडचा फवारा मारला. दातांचं माप घ्यायला डॉक्टर जी पावडर कालवतात तिच्यातही हेच अल्जिनेट असतं. क्षणात पातळ पडदा धरला. पापुद्रा असलेला नमुना दहा मिनिटं उभा राहिला, नसलेला खचला. हा झाला आमचा पाया मेटर, म्हणजे मेंदूला अगदी चिकटून असलेलं आवरण.

२४ मार्च

आज पाण्याचा दिवस, म्हणून पहिलं मोठं ओतकाम संध्याकाळी. १२५० मिली मिश्रण. त्यात वजनाच्या दहा टक्के साखर. कारण पुढे.

रात्रभर बसू दिलं. सकाळी मामांनी कवच काढून रबर सोललं. लहान मेंदूचा एक कोपरा साच्यातच राहिला. बाकी अख्खा. परातीत ठेवला, आणि सगळ्यांसमोर तो सावकाश रुंदावला, उंची बोटभर कमी झाली. नववीतली पोरं ओरडली, "बाई, बिघडला!"

बिघडला नाही, असाच पाहिजे होता.

२६ मार्च

साखरेचं कारण. नुसत्या आगरची घनता पाण्याइतकीच. खऱ्या मेंदूची १.०४ च्या आसपास. दहा टक्के साखरेनं आपलं जेल तिथवर जातं. काट्यावर १३०० ग्रॅम भरलं.

मग भाजीच्या जाळीच्या पिशवीत मेंदू, पिशवी स्प्रिंगकाट्याला, आणि हळूच पाण्याच्या बादलीत. काटा खाली येत येत ५० ग्रॅमवर थांबला. एका मुलानं काटा ठोकून बघितला, अडकला असेल म्हणून. अडकला नव्हता. डोक्यात हेच चालू असतं. कवटीच्या आत मेंदूभोवती सीएसएफ असतं, मेंदू-मणक्यातलं पाणी. एका वेळी साधारण १५० मिली, आणि दिवसाला ५०० मिलीच्या आसपास नवं तयार होतं, म्हणजे दिवसातून तीनेकदा बदललं जातं. त्या पाण्यात १४०० ग्रॅमचा मेंदू जेमतेम ५० ग्रॅमचा होऊन तरंगतो. परातीत खचलेलं तेच जेल बादलीत परत गोल झालं, चिरा उघडल्या. मला वाटतं अख्ख्या प्रकल्पात हेच दाखवण्यासारखं आहे, बाकी सजावट.

तोटा: मुंग्या. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये. जेल खराब होऊ नये म्हणून घालतो ते सोडियम बेंझोएटही थोडं वाढवलं.

२ एप्रिल

संवेदनेचा भाग. पाटी लिहायला बसलो: मेंदूला स्वतःला दुखत नाही. वेदना टिपणारी टोकं मेंदूच्या ऊतीत नसतातच. लगेच प्रश्न आला, आणि तो यायलाच हवा होता: "मग डोकं दुखतं तेव्हा काय दुखतं?"

दुखतं ते भोवतालचं. कवटीच्या आतून ड्यूरा नावाचं जाड, चिवट आवरण असतं. ते आणि मोठ्या रक्तवाहिन्या, यांना भरपूर जाणीव. १९४० साली ब्रॉन्सन रे आणि हॅरॉल्ड वुल्फ यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांत कुठं स्पर्श केला की दुखतं आणि कुठं नाही, याची नोंदच करून ठेवली. ड्यूराच्या बऱ्याचशा भागाची जाणीव चेहऱ्याची जाणीव नेणाऱ्या मज्जातंतूतूनच जाते, म्हणून आतलं दुखणं कपाळात आणि डोळ्यामागे जाणवतं. मागच्या खालच्या भागाची मानेच्या मज्जातंतूंतून, म्हणून ते मानेत.

मॉन्ट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी ह्याच गोष्टीचा उपयोग केला. डोक्याची कातडी बधिर करायची, रुग्ण जागा, आणि उघड्या मेंदूवर विजेचा सौम्य स्पर्श. रुग्णाला डोक्यात काहीच कळत नाही, पण तो सांगतो, अंगठ्याला मुंग्या आल्या. १९३७ मध्ये पेनफिल्ड आणि बोल्ड्री यांनी अशा नोंदींवरून शरीराचा नकाशा मांडला: ओठ आणि हात भलेमोठे, पाठ चिमूटभर. आजही वाचेच्या जागेजवळची गाठ काढताना रुग्णाला जागं ठेवून बोलतं ठेवतात, ते ह्याच आधारावर.

जगातली सगळी वेदना जिथं कळते तिथं सुई टोचली तर कळत नाही. पोरांना हे पटत नव्हतं. एकजण म्हणाला, "म्हणजे ऑफिसात सगळ्यांच्या तक्रारी येतात, पण ऑफिसची तक्रार घ्यायला कोणी नाही." पाटीवर हे लिहायचं का, यावर मत घेतलं. हो.

४ एप्रिल

बझर. मामांनी केलेल्या अर्ध्या कवटीला आतून ॲल्युमिनियम फॉइल, नऊ व्होल्टची बॅटरी, विणायची धातूची सुई. सुई फॉइलला लागली की बझर. जेलला लागली की गप्प, असं ठरलं होतं. प्रत्यक्षात जेलला लागली तरी बारीक कुरकुर. आपलं क्षारांचं पाणी आणि ओलं जेल फॉइलला टेकलेलं, वीज वाट काढतेच. जेल आणि फॉइल यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिक घातलं. आता गप्प. खऱ्या डोक्यातही तिथं एक मधलं आवरण असतंच, ॲरॅक्नॉइड. विजेसाठी नाही, पण पाटीवर दाखवायला सोय झाली.

७ एप्रिल

आज आलेल्या एका पालक ताईंनी बादलीचा प्रयोग बघून सांगितलं की सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिल्यावर त्यांचं डोकं काही दिवस भयंकर दुखत होतं, बसलं की दुखायचं, आडवं झालं की थांबायचं. सासूबाई म्हणत, उठायचा कंटाळा.

ह्याहून चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. सुईनं ड्यूराला पडलेल्या बारीक छिद्रातून कधीकधी सीएसएफ झिरपत राहतं. पाणी कमी, तरंगणं कमी, बसल्यावर मेंदू किंचित खाली येतो आणि वरची आवरणं ताणली जातात. ताण दुखतो, मेंदू नाही. आडवं झालं की ताण जातो. बहुतेकांचं आपोआप बरं होतं. न झाल्यास रुग्णाचंच थोडं रक्त तिथं टोचून छिद्र बुजवतात.

बादलीतलं पाणी काढून टाकत दाखवायचं. काटा ५० वरून चढत जातो, पिशवीची दोरी ताठ होते. ताईंनी स्वतः करून बघितलं, आणि घरी सासूबाईंना घेऊन येते म्हणाल्या.

११ एप्रिल

गोल पारदर्शक डबा, काठोकाठ जेल, मध्ये शाईच्या सरळ रेघांचा थर. डबा टेबलावर सरळ ढकलला, थांबवला: रेघा जवळजवळ सरळच. मग मामांच्या फिरत्या पाटावर ठेवून झटक्यात फिरवला. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतलं. काठाशी रेघ डब्याबरोबर गेली, मधली मागे राहिली, आणि सगळ्या रेघा वाकून पिळल्या गेल्या.

ही युक्ती जुनी आहे. ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ होलबोर्न यांनी १९४३ मध्ये जिलेटिनचे मेंदू वापरून हेच मांडलं. मेंदू दाबायला पाण्याइतकाच अवघड, पण सरकायला अतिशय सोपा. म्हणून सरळ धक्क्यापेक्षा डोकं गर्रकन फिरण्यानं आतले तंतू जास्त ताणले जातात. त्याच ऑक्सफर्डचे शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी मोटरसायकलवरून निरोप नेणाऱ्या सैनिकांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास १९४१ मध्ये छापला, आणि ब्रिटिश सैन्यात मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं.

एक मुलगा: "मग हेल्मेट घालून काय उपयोग, फिरतंच की डोकं." हेल्मेट कवटी फुटणं वाचवतं आणि धक्क्याचा वेळ लांबवतं, फिरणं पूर्ण थांबवत नाही. तो गाडीवर आला होता, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. काही बोलले नाही, व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर पाठवला.

१५ एप्रिल

शिबिरासाठी तीन मेंदू ओतले. फ्रिजमध्ये जागा नाही. दोन काकूंकडे.

१९ एप्रिल

शिबिर. पारा ४१. मेंदू टिकले. तिसरा दुपारी तडकला, तो पोरांनी बोटांनी फाडून आत काय आहे ते बघितलं, आणि त्याबद्दल मला काहीच वाईट वाटलं नाही.

बहुतेकांचा पहिला शब्द: "शी!" दुसरा: "एवढा मऊ?" बझरजवळ रांग सर्वांत मोठी, बादलीजवळ सर्वांत शांत. डबा फिरवायला मोठी माणसंच जास्त.

संध्याकाळी यंत्रमागावर काम करणारे एक काका नातवाला घेऊन आले. सगळं बघितलं, पापुद्र्यावरून बोट फिरवलं, मग म्हणाले, "एवढं नरम असंल, तर डॉक्टर टाका कुठं घालतात?"

माझ्या पाटीत हे नव्हतं. मेंदूला टाका घालत नाहीत, धागा त्याला कापत जातो. रक्तस्राव विजेच्या चिमट्यानं आणि ओल्या कापसाच्या पट्ट्यांनी थांबवतात, आणि शेवटी टाके पडतात ते ड्यूराला. काकांना करून बघायचं होतं. फाटलेल्या तिसऱ्या मेंदूवर त्यांनी खिशातल्या सुताचा एक धागा ओवला, अगदी हलकी गाठ मारली, आणि ओढताच धागा सरळ बाहेर आला. मग आम्ही ड्यूरा म्हणून दाखवायला ठेवलेल्या मांजरपाटाच्या तुकड्यावर त्यांनी दोन टाके घातले. धरले. "हे कापड विरळ आहे," म्हणाले. "पाणी धरायचं असंल तर दाट विणीचं पाहिजे. मी आणून देतो."

२२ एप्रिल

काकांनी कापड आणून दिलं, घट्ट विणीचं, पाणी टाकलं तर थेंब वर राहतो. मामांना कवटीच्या आतून चिकटवायला दिलंय. दुसऱ्या एका शाळेनं जूनमध्ये टेबल मागितलंय. लहान मेंदूच्या कोपऱ्यात रबर फाटलंय, साचा नवा करावा लागेल. गणपतीचं काम सुरू व्हायच्या आत.